ओलीच्या मुलखात कार्पेट

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत घर बांधणाऱ्या किंवा जुने घर सावरणाऱ्या माणसापुढे हल्ली एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. घरातल्या निदान एका खोलीला भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट घालावे का? विचारणारे काही जण इंग्लंडात, स्विंडनला किंवा लंडनच्या आसपास, काही वर्षे काढून आलेले असतात. तिथे खोलीच काय, जिनाही कार्पेटने मढवलेला असतो आणि जानेवारीच्या सकाळी पलंगावरून उतरताना त्याचे मोल पायांना कळते. काही जण दिल्ली-मुंबईचे असतात. त्यांनी मोरजी, मांद्रे किंवा हरमलला सुट्टीसाठी फ्लॅट घेतलेला असतो आणि हॉटेलच्या खोलीसारखी मऊ जमीन त्यांना घरी हवी असते. आणि काही इथलेच, ज्यांच्या घरात म्हातारी आई आहे, गुळगुळीत टाइल्सवरून ती एकदा घसरली आहे आणि त्या दिवसापासून मुलगा जमिनीकडे धास्तीने पाहतो आहे.

तिन्ही मागण्या खऱ्या आहेत. पण कार्पेटच्या दुकानात रंग, जाडी आणि भाव यांची चर्चा होते, आणि ज्या जमिनीवर ते पसरायचे तिची मात्र होत नाही. माझे मत आधीच सांगतो. पेडणे-डिचोलीत तळमजल्यावर पूर्ण खोलीचे कार्पेट घालू नये. वरच्या मजल्यावर, रोज वापरातल्या एखाद्या कोरड्या खोलीत ते चालेल, पण अटींवर. बाकी घरात कार्पेटकडून जे हवे ते गुंडाळता येणाऱ्या वस्तूंतून मिळवावे.

मुळात ही वस्तू काय आहे ते पाहू. आज वॉल-टू-वॉल म्हणून जे मिळते ते बहुधा यंत्रावर टफ्ट केलेले असते. शेकडो सुयांची रांग पाठीच्या कापडातून धागा ओवत जाते, मागून लेटेक्सचा लेप देऊन तो धागा पक्का करतात आणि त्यावर आणखी एक कापड चिकटवतात. धाग्याचे फासे तसेच राहू दिले तर लूप पाइल, वरून कापले तर कट पाइल. धागा नायलॉनचा, पॉलिएस्टरचा, पॉलिप्रॉपिलिनचा, क्वचित लोकरीचा. लग्नाच्या मांडवात आणि प्रदर्शनात अंथरतात ते पातळ, नमद्यासारखे कार्पेट वेगळे. ते नीडल-पंच, त्यात तंतू सुयांनी एकमेकांत गुंतवलेले असतात, उभा धागा नसतोच. रोल साधारण १२ फूट किंवा ४ मीटर रुंदीचा असतो. खोली त्याहून रुंद असेल तर जोड येणारच. बसवण्याच्या रीती दोन. एकीत भिंतीच्या कडेने तिरप्या खिळ्यांच्या लाकडी पट्ट्या ठोकतात, मध्ये फोमचे किंवा फेल्टचे अस्तर पसरतात आणि त्यावर कार्पेट ताणून खिळ्यांत अडकवतात. दुसरीत गोंद लावून ते थेट जमिनीला चिकटवतात. दोन्हींचा अर्थ एकच: ते पुन्हा सहज उचलता येत नाही.

हे न उचलता येणे पाश्चात्त्य देशांतही वादाचे ठरले होते. एकोणिसाव्या शतकात यंत्रमाग आले आणि खोली भरून कार्पेट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. पण १८६८ साली चार्ल्स ईस्टलेक या इंग्रज लेखकाने घराच्या सजावटीवर जे पुस्तक लिहिले त्यात खोलीभर कार्पेटाला विरोध होता. आरोग्याची काळजी वाहणाऱ्या त्या पिढीचे म्हणणे असे की जमिनीच्या कडा उघड्या ठेवा, मध्ये सुटा गालिचा घाला, तो उचलून बाहेर न्या आणि झोडपा. पुढे १९०१ मध्ये ह्युबर्ट सेसिल बूथने हवेच्या ओढीने धूळ खेचणारे यंत्र लंडनमध्ये चालवून दाखवले. त्या वेळचे यंत्र घोडागाडीवरून दारात येई. हळूहळू ते घरात मावू लागले आणि न उचलता येणारे कार्पेट जागच्या जागी साफ करण्याची सोय झाली. उरलेले काम अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावाने केले. कॅथरीन एव्हान्स या मुलीने १८९५ च्या सुमारास तिथे हाताने टफ्ट केलेल्या पलंगपोसांची कला रुजवली. तिचेच तंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर रुंद यंत्रांवर गेले, नायलॉन आला आणि कार्पेट स्वस्त झाले. डाल्टन आजही कार्पेटची राजधानी म्हणून ओळखले जाते.

म्हणजे खोलीभर कार्पेटमागे तीन गोष्टी उभ्या आहेत: थंड हवा, हिवाळ्यात हीटरमुळे कोरडी पडणारी खोली आणि व्हॅक्यूम क्लीनर. पहिली आपल्याकडे नाही. दुसरी तर अजिबात नाही. तिसरी विकत मिळते, पण रोज चालवावी लागते. भारतात गालिचे विणणारे भदोही-मिर्झापूर जगप्रसिद्ध आहे, भदोहीच्या गालिच्याला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तो गालिचा सुटा असतो. आपली सतरंजी, भजनाला पसरायचे जाजम, घोंगडी, हातरी, केवड्याच्या पातीची चटई, सगळ्यांचा गुण तोच: बसणे झाले की गुंडाळा, उन्हात टाका, कोपऱ्यात उभे करा.

आता जमिनीकडे येऊ, कारण प्रश्नाचे मर्म तिथे आहे.

इथल्या जुन्या घरांतली जमीन मातीची. तांबडी माती भिजवून, तुडवून, पसरून लाकडी चोपण्यांनी चोपत. घरातल्या आणि शेजारच्या बायका रांगेने बसून हे काम करीत. ती सुकली की वरून शेणाचे सारवण. कुठे काळा रंग यावा म्हणून कोळशाची पूड त्यात मिसळत. पावसाळ्यात खालून ओल चढली तरी ती या जमिनीतून हवेत निघून जाई, आणि सारवण तर दर काही दिवसांनी नवे होई. मग सिमेंट आले आणि तांबडे ऑक्साइड मिसळलेला कोबा आला. चांगल्या गवंड्याने थापीने घोटलेला कोबा, अधूनमधून खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसलेला, वर्षानुवर्षे आरशासारखा राहतो. पैसेवाल्यांच्या घरात नक्षीच्या सिमेंट टाइल्स आल्या. मुंबईत १९२२ साली सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या भरात काढलेल्या भारत टाइल्सने परदेशी मालाला पर्याय दिला होता. पुढे मोझेक, आणि आता मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, ज्या आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषतात.

शेणापासून मोरबीपर्यंत साहित्य बदलत गेले, एक गोष्ट टिकली. पाणी सांडले तर ही जमीन पुसता येते आणि तासाभरात सुकते. जिथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, तिथे जमिनीकडून घराला ही एवढीच मोठी अपेक्षा असते.

ओल वरूनच येते असे नाही. आपली जोती चिऱ्याची. जांभा दगड सच्छिद्र असतो, जमिनीतले पाणी त्याच्या बारीक छिद्रांतून वर चढते. जुन्या घरांच्या जोत्यात ओलरोधक थर नसतो आणि नव्या घरांतही तो नीट घातलेला असेलच याची खात्री देता येत नाही. टाइल घातली की ओल दिसेनाशी होते, पण ती जात नाही. सांध्यांतून, भिंतीच्या बुडातून बाहेर पडते. भिंतीच्या खालच्या वीतभर भागाला लोणा लागलेला असेल, रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर त्या खोलीची जमीन ओलावा सोडते आहे हे समजावे. अशा जमिनीवर लेटेक्सच्या पाठीचे कार्पेट आणि फोमचे अस्तर अंथरले की ओलावा मध्ये कोंडतो. वरून हाताला कार्पेट कोरडे लागते आणि खाली बुरशी धरते.

याची परीक्षा सोपी आहे. साधारण दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दिवसभर तसाच राहू द्यावा. काढताना प्लास्टिकखाली पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा काळपट झालेला दिसला, तर ओल खालून येते आहे. अट एकच, ही परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावी. एप्रिलमध्ये पेडण्यातली कुठलीही जमीन पास होते. टाइल्सवर घेत असाल तर सांधा तुकड्याखाली येईल असे पाहा, कारण टाइलच्या मधोमध काहीच दिसणार नाही.

मग हवेतला ओलावा. पावसाळ्यात इथली सापेक्ष आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. चामड्याची चप्पल, पट्टा, पुस्तकांच्या पाठी यांवर चार दिवसांत पांढरा थर येतो हे प्रत्येक घराला माहीत आहे. ओले झालेले कापड किंवा कार्पेट २४ ते ४८ तासांत सुकले नाही तर बुरशी धरू लागते, हे जगभर मानले जाणारे माप. आषाढात हे माप पाळायचे कसे? खोली बंद करून एसी किंवा डीह्युमिडिफायर सतत चालवणे हा एक मार्ग. पण वारा-पावसात झाड तारांवर पडते आणि वीज जाते, ती कधी तासांनी येते, कधी दुसऱ्या दिवशी.

धुळीतल्या माइट्सचा मुद्दा यालाच जोडून आहे. घरातल्या धुळीने होणाऱ्या दम्यामागे आणि ॲलर्जीमागे हे डोळ्यांना न दिसणारे किडे आहेत, हे १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवून दिले. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा अंगात शोषून जगतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली तर ते सुकून मरतात. गोव्यात असा काळ जवळजवळ येतच नाही. उशा आणि गाद्या हे त्यांचे मुख्य घर, ते कार्पेट नसले तरी असतेच, हे मान्य. पण ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे तिथे त्यांना आणखी एका खोलीभर जागा देण्याचे कारण मला दिसत नाही. कार्पेट धूळ धरून ठेवते, त्यामुळे ती हवेत कमी उडते, असा युक्तिवाद विक्रेते करतात. नियमित आणि चांगल्या यंत्राने व्हॅक्यूम होत असेल तर त्यात तथ्य आहे. नाही तर ती धूळ तिथेच साठते आणि मूल त्यावर रांगते.

किनारपट्टीतल्या बंद फ्लॅटची गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. मे संपला की मालक कुलूप लावून जातो आणि गणेशचतुर्थीच्या आसपास किंवा थेट दिवाळीत परततो. मधले महिने खिडक्या बंद, वीज बंद, हवा कोंडलेली. अशा घरात लाकडी कपाटाला बुरशी लागते, तिथे कार्पेटचे काय होईल ते वेगळे सांगायला नको. सुट्टीच्या घरात कार्पेट घालण्याचा विचार जे करत आहेत त्यांनी तो इथेच सोडून द्यावा.

पूर हेही या दोन तालुक्यांचे वास्तव आहे. जुलै २०२१ मध्ये पेडणे, डिचोली आणि सत्तरीत पाणी शिरले. १९८२ नंतरचा सर्वांत वाईट पूर म्हणून त्याची नोंद झाली. शापोरा नदीकाठचे हणखणे, इब्रामपूर, चांदेल आणि वाळवंटीकाठची साखळी यांनी असे पाणी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. कोब्यावरचा गाळ खरवडून, धुऊन घर चार दिवसांत राहण्याजोगे होते. गाळात भिजलेले कार्पेट फेकावेच लागते, आणि ते टाकायचे कुठे हाही प्रश्न उरतो. त्यात प्लास्टिकचा धागा, लेटेक्स, फोम असे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे करणे अवघड. कुजत नाही आणि जाळले तर विषारी धूर.

ओलीनंतर धूळ. डिचोलीची धूळ साधी नाही. शिरगाव, मये, मुळगाव, पिळगाव, पाळी, वेळगे या पट्ट्याने लोहखनिजाचे ट्रक पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, मधल्या काळात सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीच्या खाणपट्ट्यात काम परत सुरू झाले. रस्त्याकडेच्या घरांत खिडकीच्या गजांवर, पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल थर बसतो. खनिजाची धूळ जड आणि कणीदार असते. ती कार्पेटच्या मुळाशी जाऊन बसते आणि वर पाऊल पडले की धाग्याला कातरते. कार्पेट झिजते ते वरून घासून कमी आणि तळाच्या अशा कणांनी जास्त. शिवाय फिक्या रंगाच्या कार्पेटवर चढलेला लाल रंग धुऊन पूर्ण जात नाही. पेडण्याच्या किनाऱ्याला रेती तेच काम करते, आणि सोबत मीठ आणते. मीठ हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून समुद्रावरून आलेल्या पायांचे कार्पेट उन्हाळ्यातही दमटच लागते.

आता घरातले जगणे. आपण चपला दारातच काढतो, ही कार्पेटच्या बाजूची गोष्ट आहे. पण रोज केर काढणे आणि ओल्या फडक्याने जमीन पुसणे हा आपल्या स्वच्छतेचा कणा आहे, आणि कार्पेटवर ओले फडके फिरवता येत नाही. चतुर्थीला देवावर फळापानांची माटोळी बांधली की फळांचा चीक गळतो, पाने झडतात. आरतीला घरभर माणसे, घुमट, झांजा, समई, कापूर, निरांजनाचे तेल, प्रसादाचे पंचखाद्य आणि नेवऱ्यांचा चुरा. पॉलिप्रॉपिलिन साधारण १६५ अंशांना वितळते, म्हणजे उदबत्तीचे पेटते टोक पडले तरी कायमचा डाग. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, पण तिला कसर लागते. पाठीला ताग असेल तर वाळवीला आमंत्रण, आणि वाळवी या मातीत सगळीकडे आहे. देवघर, वसरी, स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा यांना कार्पेट नको, यावर फारसा वाद होऊ नये.

कार्पेटच्या बाजूने जे खरे आहे तेही नीट सांगायला हवे. म्हातारे माणूस पडले तर कठीण टाइल आणि मऊ कार्पेट यांत मोडलेल्या हाडाइतका फरक पडू शकतो. मुडपलेल्या कडांच्या सुट्या पायपुसणीत पाय अडकून पडणे हा मोठा धोका, तो ताणून बसवलेल्या कार्पेटला नसतो. रांगत्या मुलाला ते सुखाचे. काँक्रीटच्या रिकाम्या खोलीत घुमणारा आवाज ते शोषते आणि वरच्या मजल्यावरची पावले खालच्याला ऐकू येत नाहीत. मोपा विमानतळाच्या विमानांचा आवाज मात्र कार्पेटने कमी होत नाही, तो खिडकीतून येतो आणि त्याचा इलाज खिडकीतच करावा लागतो. उबेचे म्हणाल तर इथे ती लाभात धरता येत नाही. मे महिन्यात दुपारी जमिनीवर चटई टाकून आडवे होणाऱ्याला कोब्याचा थंडावाच हवा असतो.

म्हणून घरातल्या वृद्ध माणसासाठी कार्पेटचा विचार करणाऱ्यांना माझे सांगणे असे. आधी न्हाणीघर आणि तिकडे जाणारी वाट पाहा, कारण ओले पाय तिथेच असतात. तिथे खडबडीत पृष्ठभागाच्या टाइल्स, धरायला दांडा आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा हवा. पलंगाजवळ रबरी पाठीचा, कडा न वळणारा जड तुकडा पुरेसा होतो. एवढ्यानेही समाधान नसेल आणि खोली वरच्या मजल्यावर, रोज उघडणारी, गच्चीची गळती नसलेली असेल, तर कार्पेट टाइल्स घालाव्यात. या ५० सेंटिमीटरच्या चौकोनांत येतात. एक बिघडला तर तेवढाच काढून धुता किंवा बदलता येतो, आणि पावसाळ्याआधी सगळ्या उचलून गठ्ठा करून ठेवता येतात. रोलच हवा असेल तर कमी उंचीचा, दाट विणीचा, नायलॉनचा लूप पाइल घ्यावा. लांब केसांचे मऊसूत कार्पेट दुकानात हाताला छान लागते, पण धूळ आणि ओल दोन्ही तेच जास्त धरते. नव्या कार्पेटचा जो उग्र वास येतो तो मुख्यतः पाठीच्या लेटेक्समधल्या रसायनाचा. म्हणून ते डिसेंबर-जानेवारीत घालावे आणि आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवाव्यात. डाग न धरण्याचा लेप दिलेला माल असेल तर तो कशाचा हे विचारावे. अशा लेपांत वापरलेली फ्लोरिनयुक्त रसायने डाल्टनजवळच्या नदीच्या पाण्यात उतरली आणि ती निसर्गात मोडत नाहीत.

बाकी खोल्यांसाठी सुती सतरंजी आणि काथ्या. सतरंजी घरी धुता येते. काथ्या नारळाचा, पारंपरिक रीतीत तो खाऱ्या पाण्यात मुरवून काढतात, आणि इतर तंतूंपेक्षा तो ओल जास्त सोसतो. १८५९ साली आलेप्पीला पहिला कारखाना निघाल्यापासून केरळने त्याच्या चटया जगभर पाठवल्या आहेत. उंबऱ्याबाहेर एक आणि आत एक अशा काथ्याच्या दोन जाड चटया ठेवल्या तर डिचोलीची तांबडी धूळ आणि मोरजीची रेती यांचा मोठा वाटा दारातच अडतो.

आणि ज्यांच्या घरात जुना तांबडा कोबा किंवा नक्षीच्या सिमेंट टाइल्स आहेत, त्यांनी कार्पेटवाल्याला आत घेण्यापूर्वी एक गोष्ट पक्की सांगावी: गोंद लावायचा नाही आणि कडेने पट्ट्या ठोकायच्या नाहीत. गोंद नंतर रसायनाने किंवा खरवडून काढावा लागतो आणि त्याबरोबर कोब्याची घोटलेली त्वचाही निघते. खिळ्यांनी पडलेली भोके बुजवता येतात, पण तोच रंग पुन्हा जुळत नाही, आणि तसा कोबा घोटणारे गवंडी आता फार थोडे उरले आहेत. कार्पेट आधीच चिकटवलेले असेल तर ते पावसाच्या तोंडावर न काढता फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावे. एका कोपऱ्यापासून हळू उचलत जावे, गोंदाचा थर गरम पाणी आणि लाकडी पातीने सोडवावा, लोखंडी पटाशी वापरू नये. मग पुढचे काही आठवडे ती जमीन उघडी ठेवून पूर्ण सुकू द्यावी, आणि त्यानंतरच तिला तेलाचा हात फिरवावा.